'परत' या शब्दाचा अर्थ : भानुदासकथा, वाघनखे आणि वसईच्या घंटा

१. प्रश्नाची मांडणी

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील पोलादी वाघनखे मुंबईस आणली गेली आणि साताऱ्याच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शित करण्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनला झालेल्या करारानुसार ती तीन वर्षांच्या मुदतीने देण्यात आली होती. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांचे नाव कोरलेली एक तलवार महाराष्ट्र शासनाने लंडनमधील लिलावातून मिळवून मुंबईस आणली. तिच्यासाठी सुमारे ४७ लाख रुपये खर्च झाले. दोन्ही प्रसंगी लोकांच्या बोलण्यात, भाषणांत आणि वृत्तपत्रांत 'परत येणे' हाच शब्दप्रयोग रूढ झाला. वस्तुतः एक वस्तू मुदतीच्या उसनवारीने आली आणि दुसरी पैसे मोजून घेतली गेली. तेव्हा 'परत' या शब्दाने नेमके काय अभिप्रेत आहे, हा प्रश्न उपस्थित होतो.

हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा व राजनीतीचा आहे. तथापि वस्तू ज्या कथेमुळे मोलाची ठरते ती कथा वाङ्मयात जतन झालेली असते. वस्तू कोणाची, ती कशी गेली आणि ती कोणाकडे यावी, याविषयीची समाजाची नैतिक धारणाही बखर, पोवाडा, संतचरित्र यांतूनच घडत आलेली असते. या दृष्टीने मराठी वाङ्मयपरंपरेतील एका प्रसिद्ध परतीच्या कथेचा आधार घेऊन, नेलेल्या सांस्कृतिक वस्तूंच्या प्रत्यर्पणाचा नीतिविचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार करताना मराठी समाज केवळ वस्तू गमावणारा नव्हे, तर वस्तू बाळगणाराही आहे, या बाजूकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

२. शब्दांचा व्यवहार

इंग्रजी भाषेत 'लूट' हा शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातूनच गेला. वस्तूंबरोबर त्या नेण्याच्या क्रियेचे नावही नेले गेले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मात्र मराठीच्या जुन्या व्यवहारभाषेत वस्तूच्या हस्तांतराचे अनेक प्रकार काटेकोरपणे वेगळे केलेले आढळतात. लूट बळाने होते. खंडणी बळाच्या धाकाने, परंतु ठरावाने घेतली जाते. नजराणा कनिष्ठाने वरिष्ठाला द्यावयाचा असतो. अहेर नात्यातून येतो. ठेव दुसऱ्याकडे राहिली तरी तिच्यावरील मूळ धन्याचा हक्क संपत नाही. उसने घेतलेले माघारी द्यावयाचे असते.

आजच्या प्रत्यर्पणविषयक वादांत हे भेद पुसट होतात. परदेशी संग्रहालयांतील प्रत्येक वस्तू लुटीचीच असे एक बाजू गृहीत धरते. नोंदवहीत 'भेट' असे लिहिलेले असले की प्रश्न मिटला, असे दुसरी बाजू मानते. दोन्ही भूमिकांत अडचण एकच आहे. हस्तांतराच्या क्षणी देणारा आणि घेणारा यांचे परस्परसंबंध कोणते होते, हे त्या तपासत नाहीत. जिंकलेल्या मुलखात जेत्याच्या अधिकाऱ्याला दिलेली वस्तू नजराणा म्हणावी, अहेर म्हणावा की सौम्य शब्दांतील खंडणी म्हणावी, याचा निर्णय केवळ नोंदीवरून होत नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा येथे मर्यादित साहाय्य करतो. १८९९ व १९०७ च्या हेग करारांनी युद्धातील लूट निषिद्ध ठरविली. सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० मध्ये झाला व भारताने त्यास १९७७ मध्ये मान्यता दिली. परंतु हा करार पूर्वलक्षी नाही. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळातील वा त्यापूर्वीच्या घटना त्याच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणजे ज्या काळात वस्तू सर्वाधिक संख्येने बाहेर गेल्या त्या काळाविषयी कायदा बहुतांशी मौन बाळगतो. जेथे कायद्याची भाषा संपते तेथे नीतीची भाषा शोधावी लागते.

३. भानुदासकथेतील नीतिविचार

मराठी संतपरंपरेत परतीची एक कथा शतकानुशतके सांगितली गेली आहे. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरच्या राजाने आपल्या राजधानीस नेली आणि पैठणचे भानुदास, म्हणजे संत एकनाथांचे पणजोबा, यांनी ती पंढरीस माघारी आणली, अशी ही कथा होय. राजाचे नाव परंपरेत कृष्णदेवराय व रामराजा असे दोन्ही प्रकारे येते. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' या ग्रंथात ती विस्ताराने आली आहे. तिच्या ऐतिहासिकतेविषयी संशोधकांत मतभेद आहेत. हंपीच्या विठ्ठलमंदिराचा गाभारा आज मूर्तीविना आहे, एवढे मात्र प्रत्यक्ष दिसते. येथे कथेच्या ऐतिहासिक सत्यतेपेक्षा तिच्यात व्यक्त झालेली नीती महत्त्वाची आहे.

या कथेतील पहिली लक्षणीय गोष्ट अशी की मूर्ती नेणारा राजा मूर्तिभंजक नाही. तो भक्त आहे. देवाला तो वैभवात ठेवतो, त्याची पूजाअर्चा करतो, त्याला मोलाचे अलंकार घालतो. आजच्या मोठ्या संग्रहालयांचा युक्तिवाद याहून फारसा वेगळा नाही : वस्तू येथे सुरक्षित आहे, तिची निगा राखली जाते, तिचे मोल येथे ओळखले जाते. भानुदासकथा हा युक्तिवाद खोटा ठरवीत नाही. राजाचे प्रेम ती मान्य करते. मात्र प्रेमाने हक्क सिद्ध होतो, हे ती मान्य करीत नाही. ज्याला एखादी वस्तू प्रिय आहे त्याने ती इतरांपासून तोडून आपल्यापाशी ठेवावी काय, हा प्रश्न कथा उभा करते.

दुसरी गोष्ट मागणी करणाऱ्याविषयीची आहे. विठ्ठलाची मागणी कोणी प्रतिस्पर्धी राजा करीत नाही. पंढरीला जमलेल्या संतांना देवाविना वाळवंट ओस वाटते आणि त्यांच्यातील एक जण त्याला आणावयास निघतो. भानुदासाकडे फौज नाही, सनदही नाही. त्याचा दावा मालकीचा नसून संबंधाचा आहे : जेथे या देवाची वारी होते, जेथे त्याच्या भेटीवर एका समुदायाचे जगणे उभे आहे, तेथे देवाचे स्थान आहे.

तिसरी गोष्ट कथेच्या मध्यभागी येते. रात्री मंदिरात गेलेल्या भानुदासाला देव आपला रत्नहार देतो. सकाळी हार त्याच्याजवळ सापडतो, त्याच्यावर चोरीचा आळ येतो आणि राजा त्याला सुळाची शिक्षा फर्मावितो. ज्याने अवघा देव उचलून आणला तो न्यायासनावर बसलेला आहे आणि जो देवाला माघारी न्यावयास आला तो चोर ठरला आहे. ताबा असलेल्याचा कायदा आणि न्याय यांतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल. सुळाला पालवी फुटते, हा चमत्कार कथेचा कळस मानला जातो. परंतु नीतीच्या दृष्टीने कळस त्यानंतर येतो. राजाला आपली चूक उमगते आणि देवाच्या जाण्यास तो आडवा येत नाही. मूर्ती लहान होऊन भानुदासाबरोबर पंढरीस येते, ती लपूनछपून नव्हे. राजाच्या स्वीकृतीखेरीज परत पूर्ण होत नाही, असे कथा सुचविते.

यावरून परतीच्या नीतीचे चार निकष हाती लागतात : वस्तूशी असलेला जिवंत संबंध, हस्तांतरामागील संमतीचे स्वरूप, वस्तूच्या इतिहासाविषयीचे सत्य, आणि ताबेदाराने दिलेली स्वीकृती. पुढील उदाहरणे या निकषांवर पाहता येतील.

४. वाघनखे : सत्य आणि स्वीकृती

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखांबरोबर स्कॉटलंडमध्ये तयार केलेली एक पेटी आहे. शिवाजीमहाराजांनी ज्या वाघनखांनी मोगल सेनापतीस मारले ती ही वाघनखे असून, साताऱ्याचे रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफ यांना ती पेशव्यांच्या प्रधानाने दिली, अशा आशयाचा मजकूर पेटीवर आहे. या मजकुरात एक उघड चूक आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेलेला अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. हीच ती वाघनखे, असे सिद्ध करणे शक्य झालेले नाही, असे स्वतः संग्रहालयानेही म्हटले आहे.

वाङ्मयीन साधनांची साक्षही एकसारखी नाही. सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस लिहिलेल्या बखरीत डाव्या हातातील वाघनखांचा व उजव्या हातातील बिचव्याचा उल्लेख येतो. परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात मात्र तलवार येते. लोकमानसात वाघनखेच स्थिरावली, यात बखरीचा, पोवाड्यांचा व नंतरच्या कथनांचा वाटा मोठा आहे. म्हणजे साताऱ्यात लोक रांगा लावून जे पाहत होते ते एक शस्त्र होते आणि त्याहून अधिक एक कथा होती. ही गोष्ट कमीपणाची नाही. भावनेला सिद्ध पुराव्याचे रूप देणे मात्र अभ्यासाला मान्य होण्यासारखे नाही. वाघनखे भारतात येण्यापूर्वी काही इतिहास-अभ्यासकांनी शंका उपस्थित केली तेव्हा तिला अनादर समजले गेले. वस्तूविषयी सत्य बोलण्याची सक्ती ज्या नीतीने परदेशी संग्रहालयावर येते, ती स्वदेशी दालनावरही येते.

संमतीचा प्रश्न याहून बिकट आहे. ग्रँट डफ १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास होते. पेशवाई बुडाली होती, पेशव्यांच्या कैदेतून सुटलेले प्रतापसिंहमहाराज कंपनीच्या कृपेने गादीवर बसले होते आणि राज्याचा कारभार प्रारंभी रेसिडेंटच्याच हाती होता. अशा स्थितीत त्याच रेसिडेंटला दिलेली वस्तू लूट ठरत नाही. परंतु ती निखळ भेटही नव्हे. याच काळात ग्रँट डफ यांनी बखरी व कागदपत्रे जमा केली आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्या ग्रंथातील उणिवा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात दाखविल्या आणि पुढे राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. शस्त्रे परत मागण्याच्या कितीतरी आधी मराठी विद्वानांनी आपला इतिहास परत मागितला आणि तो अस्सल कागद शोधून, संपादून, छापून मिळविला. या परतीला कोणाच्याही करारपत्राची आवश्यकता भासली नाही.

जगदंबा तलवारीचे उदाहरण संमतीच्या प्रश्नावर अधिक प्रकाश टाकते. ही तलवार १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्स यांना कोल्हापूरच्या गादीकडून भेट म्हणून गेली व ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्या वेळी गादीवर असलेले चौथे शिवाजी हे अल्पवयीन होते आणि संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. याच छत्रपतींच्या छळाविषयीच्या लेखनामुळे १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. अज्ञान वारसाच्या हातून त्याच्या पालकांच्या धन्याला दिली गेलेली वस्तू 'भेट' म्हणून नोंदली जाते. कोणत्याही दिवाणी न्यायालयात अज्ञानाच्या मालमत्तेचा असा व्यवहार पालकाला सहज पचविता आला नसता.

आता स्वीकृतीचा निकष. उसने घेणारा देणाऱ्याची मालकी मान्य करतो, हा उसनवारीचा साधा नियम आहे. तीन वर्षांच्या कराराने वाघनखे डोळ्यांना दिसली. त्यांच्यावरील हक्काचा प्रश्न मात्र तो करार करतानाच देणाऱ्याच्या बाजूने सुटला. हे केवळ महाराष्ट्राबाबत घडलेले नाही. १८७४ च्या युद्धात व त्यानंतर इंग्रजांनी नेलेल्या अशांती राज्याच्या सुवर्णवस्तूंपैकी काही वस्तूंसह एकूण ३२ वस्तू २०२४ मध्ये लंडनच्या दोन संग्रहालयांनी घानातील कुमासी येथे पाठविल्या, त्याही मुदतीनेच. ब्रिटनमधील राष्ट्रीय संग्रहालयांना संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यास तेथील कायदे प्रतिबंध करतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टपुरता हा कायदा १९८३ चा आहे. याउलट १८९७ मध्ये बेनिन शहरातून लुटल्या गेलेल्या पितळी शिल्पांपैकी आपल्याकडील हजाराहून अधिक वस्तूंची मालकी जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियाकडे सोपविली. कायदा संसदेने केलेला असतो आणि संसदेला तो बदलताही येतो. तेव्हा 'कायदा आड येतो' हे उत्तर संग्रहालयाच्या अधिकाऱ्यापुरते खरे असले तरी राष्ट्रापुरते ते पुरेसे नाही.

५. रघुजींची तलवार : मोल आणि स्मृती

रघुजींच्या तलवारीचे पाते युरोपीय बनावटीचे असून तिच्यावर देवनागरीत सोन्याने त्यांचे नाव व 'सेनासाहेब सुभा' ही पदवी कोरलेली आहे. तिला 'फिरंग' म्हणतात. पाते परदेशी, अक्षरे मराठी, हा संकर अठराव्या शतकातील मराठी सत्तेच्या व्यापक व्यवहाराचा निदर्शक आहे. ती नागपुरातून केव्हा व कशी बाहेर गेली याचा निर्णायक पुरावा नाही. नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीने भोसल्यांचा खजिना हस्तगत केला, त्या वेळी ती गेली असावी, हा तर्क आहे.

विकत घेणे हा परतीचा मार्ग मानावा काय? पिप्रहवा येथील बौद्ध अवशेषांबरोबरच्या रत्नांचा लिलाव २०२५ मध्ये भारताच्या आक्षेपामुळे थांबला, परंतु ती रत्ने अखेरीस एका उद्योगसमूहाच्या खर्चाने भारतात आली. अशा व्यवहारात वस्तू वाचते. पण जे आपले म्हणावयाचे त्याची किंमत द्यावी लागते आणि अशा वस्तूंच्या बाजारभावाला बळ मिळते. लिलावाच्या वेळी दुसरा मार्ग नसेल तर खरेदी समर्थनीय ठरते. तिला आपद्धर्म म्हणता येईल, न्याय मात्र म्हणता येणार नाही.

या तलवारीबाबत आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. रघुजींच्या फौजांनी १७४२ पासून जवळजवळ एक दशक बंगालवर स्वाऱ्या केल्या. १७५१ च्या तहाने ओरिसा नागपूरकरांच्या वर्चस्वाखाली आला आणि बंगालची बारा लाखांची वार्षिक चौथ ठरली. मराठी इतिहासलेखनात हा पराक्रमाचा अध्याय आहे. बंगालमध्ये मात्र तो 'बर्गीं'चा उत्पात म्हणून स्मरणात राहिला. गंगाराम या कवीच्या 'महाराष्ट्रपुराण' या समकालीन बंगाली काव्यात त्याचे वर्णन आहे आणि मुलांना निजविताना म्हणावयाच्या गाण्यांतही बर्गी शिरला आहे. एकाच तलवारीची दोन वाङ्मयांत अशी दोन रूपे आहेत. तिच्या दालनातील माहितीफलकावर दोहोंचा निर्देश असेल तरच सत्याचा निकष पाळला गेला असे म्हणता येईल.

६. वसईच्या घंटा

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. तेथील व आसपासच्या पोर्तुगीज चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून मराठी मुलखात नेण्यात आल्या आणि मंदिरांतून टांगल्या गेल्या. भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली आणि नाशिकचे १७४७ मध्ये बांधले गेलेले नारोशंकराचे मंदिर येथील घंटा त्यांपैकीच होत. गोदेच्या काठावरील नारोशंकराची घंटा तर नाशिकची ओळखच बनली आहे.

या घंटा लुटीच्या आहेत हे मराठी बाजूने कधी लपविलेले नाही. उलट ते अभिमानाने सांगितले जाते. परदेशी संग्रहालयातील शस्त्राविषयी जो समाज न्याय मागतो, त्याने या घंटांविषयी काय म्हणावे? एक उत्तर असे दिले जाते की पोर्तुगीजांनी वसई व साष्टीत मंदिरे पाडली होती, तेव्हा घंटा नेणे ही केवळ परतफेड होती. या उत्तरात ऐतिहासिक तथ्य आहे. मंदिरे पाडली गेली होती, आणि १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली तोही बळाचाच इतिहास होता. तथापि हाच युक्तिवाद प्रत्येक जेत्याला उपलब्ध असतो. परतफेडीची साखळी मागे मागे नेली तर कोणतीही वस्तू कोणाचीही ठरत नाही आणि वाघनखांवरील दावाही त्याच क्षणी दुबळा होतो.

दुसरे उत्तर संबंधाच्या निकषावरून देता येते. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ या घंटा मंदिरांत वाजत आहेत. भाविकांच्या कित्येक पिढ्यांनी त्या ऐकल्या आहेत. वसईच्या किल्ल्यातील चर्चच्या इमारती पडक्या झाल्या आहेत. म्हणजे एक जिवंत संबंध तुटला असला तरी दुसरा निर्माण झाला आहे. हे उत्तर पहिल्याहून सबळ आहे. परंतु विजयनगरच्या राजाचा युक्तिवादही हाच होता, हे विसरता येत नाही. शिवाय वसईचा ख्रिस्ती समाज नाहीसा झालेला नाही. पोर्तुगीज गेले, कुपारी व इतर ख्रिस्ती समाज आपल्या मराठी बोलींसह तेथेच राहिला. फादर स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते ख्रिस्ती मंडळींत दीर्घकाळ गायिले गेले. घंटांचा दावेदार शोधावयाचा झाल्यास तो लिस्बनमध्ये नव्हे, तर वसईत मराठी बोलताना आढळेल. घंटांचा प्रश्न म्हणूनच दोन राष्ट्रांमधील न राहता एकाच भाषेच्या घरातील ठरतो.

येथे प्रत्यर्पण कोणाकडे, हा सर्वत्र भेडसावणारा प्रश्नही पुढे येतो. बेनिनच्या शिल्पांचे स्वामी नायजेरियाचे शासन की बेनिनचे राजे, असा वाद २०२३ मध्ये उद्भवला. तंजावर जिल्ह्यातील पत्तूर येथील नटराजाच्या दाव्यात लंडनच्या न्यायालयांनी पडक्या मंदिरालाच दावेदार म्हणून मान्यता दिली आणि १९९१ मध्ये मूर्ती भारतात आली. राज्य आणि समाज यांतील कोणाचा दावा श्रेष्ठ, याचे उत्तर प्रत्येक वेळी तिच्याशी असलेल्या संबंधावरूनच द्यावे लागते. भानुदासकथेने पंढरीच्या बाजूने उभा केलेला दावेदारही राजा नव्हता.

घंटा उतरवून वसईस न्याव्यात, असा निष्कर्ष यावरून अपरिहार्यपणे निघत नाही. स्वीकृतीचा निकष मात्र लागू होतो आणि तो पाळण्यास घंटा हलविण्याची गरज नाही. प्रत्येक घंटेजवळ ती कोणत्या देवालयाची, केव्हा आणि कशी आली, हे विजयाच्या भाषेत नव्हे तर तथ्याच्या भाषेत लिहिणे, तिच्यावरील लेखांचे वाचन प्रसिद्ध करणे आणि वसईच्या समाजाशी याविषयी संवाद साधणे एवढे निश्चितच करता येण्यासारखे आहे. त्या संवादातून काय निष्पन्न व्हावे, हे दोन्ही बाजूंनी मिळून ठरवावयाचे आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की 'परत' हा शब्द केवळ स्थानांतर दर्शवीत नाही. वाघनखे साताऱ्यास आली, परंतु मालकीच्या प्रश्नाची स्वीकृती आली नाही. रघुजींची तलवार मालकीसह आली, परंतु ती न्यायाने नव्हे, किंमत देऊन. जगदंबा तलवारीबाबत तर संमतीच्या प्रश्नाची चर्चाही पुरेशी झालेली नाही. वसईच्या घंटा कोठेही गेल्या नाहीत तरी त्यांच्याबाबत स्वीकृतीचा आरंभ आज करता येतो. म्हणजे वस्तू येऊनही परत अपुरी राहू शकते आणि वस्तू न हलताही परतीचा काही अंश साध्य होऊ शकतो.

लुटीचा माल धन्यास मिळावा, हे तत्त्व यामुळे शिथिल होत नाही. जेथे लूट सिद्ध आहे, संबंध जिवंत आहे आणि मागणी होत आहे, तेथे मुदतीची उसनवारी हे न्याय्य उत्तर ठरू शकत नाही, आणि ही गोष्ट ब्रिटिश संस्थांना ठामपणे सांगितलीच पाहिजे. ती ठामपणे सांगण्याचा अधिकार मात्र मागणाऱ्याच्या स्वतःच्या व्यवहारावर अवलंबून राहतो. जो समाज आपल्या संग्रहातील वस्तूंचा इतिहास निर्भीडपणे लिहितो, शंका विचारणाऱ्याला शत्रू समजत नाही आणि आपल्या देवळातील घंटेवर दुसऱ्याच्या प्रार्थनेचा ठसा आहे हे मान्य करतो, त्याच्या मागणीत निराळे बळ येते.

या कामात मराठीच्या अभ्यासकांचा वाटा कोणता, हाही प्रश्न आहे. वस्तूंविषयीचे उल्लेख बखरी, पोवाडे, दफ्तरे, संतचरित्रे यांत विखुरलेले आहेत. ते एकत्र करून, परस्परांशी ताडून, कोणत्या वस्तूची साक्ष कोणत्या काळापासून मिळते याची सूची सिद्ध करणे हे वाङ्मयाभ्यासाच्या कक्षेतील कार्य होय. तशी सूची हाती असेल तर पुढील करारावर सही करताना काय मागावयाचे आणि काय मान्य करावयाचे नाही, हे शासनाला अधिक नेमकेपणाने ठरविता येईल. आणि साताऱ्यास वा नागपूरला रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला आपण नेमके काय पाहत आहोत हेही कळू शकेल.